ईबेचे लिलाव: माल उत्तम, पहारा ढिला

टपाल तिकिटं, नाणी, खेळाडूंची कार्डं, जुनी घड्याळं, पेनं... ईबे या ऑनलाइन बाजारात लिलावात येत नाही असा माल शोधावा लागेल. मालाबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती भाव कोण चढवतंय हे ग्राहकाला कळू न देण्याबद्दल. विक्रेत्याच्याच माणसाने भाव फुगवण्यापुरती लावलेली बोली, म्हणजे शिल बिडिंग, ईबेला साफ नामंजूर आहे. विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून, त्याच्या घरच्यांनी, मित्रांनी, खोलीत सोबत राहणाऱ्यांनी किंवा नोकरांनी बोली लावायची नाही, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पहारा मात्र बराचसा खरेदीदाराच्याच गळ्यात पडतो.

खोट्या बोलीला वाव मिळतो तो स्वयंचलित बोलीमुळे. तुम्ही कमाल आकडा टाकता आणि ईबे गरजेपुरता भाव चढवत राहतं. १०० ते २४९.९९ डॉलरच्या टप्प्यात एक पायरी अडीच डॉलरची असते. समजा तुमचा कमाल आकडा १८१.३७ आहे. डमी, म्हणजे विक्रेत्याचा खोटा बोलीदार, १६० लावतो, भाव १६२.५० होतो, आघाडी तुमचीच. तो १७५ लावतो, भाव १७७.५०. मग तो १८० लावतो. एरवी भाव १८२.५० व्हायला हवा, पण थांबतो १८१.३७ वर. पायरीत न बसणारा हा आकडा दिसला की तुमची मर्यादा उघडी पडली. डमी तिथेच हात आखडतो, आणि तुम्ही स्पर्धा नसताना कमाल भावाने जिंकता.

याच्या पुढची चाल आणखी वाईट. डमी १९० लावून तुम्हाला मागे टाकतो. त्याच्या नावावर भाव दिसतो १८३.८७, म्हणजे तुमचा आकडा अधिक एक पायरी. आता तो 'चुकून रक्कम टाकली' म्हणून बोली मागे घेतो. लिलावाला १२ तासांहून जास्त वेळ असेल तर त्याच्या सगळ्या बोली जातात आणि भाव खाली येतो, पण तुमची मर्यादा त्याला कळलेली असते. शेवटच्या दिवशी दुसरं खातं बरोबर १८० लावतं. १२ तासांच्या आत असेल तर बोली लावल्यापासून एका तासातच मागे घेता येते, आणि तीही फक्त शेवटची. त्याची आधीची १८० ची बोली तशीच राहते आणि तुमच्या गळ्यात १८१.३७ पडतात. चुकीचा आकडा टाकणाऱ्याला सोय हवी हे मान्य. पण बोली मागे घेतल्यावर त्याच माणसाला त्याच वस्तूवर पुन्हा बोली लावू देऊ नये, एवढं तरी करायला हवं होतं.

बोलीचा इतिहास मात्र ईबे दाखवतं, आणि तो वाचायला शिकलात तर बरंच हाती लागतं. बोलीदारांची नावं झाकलेली असतात, दोन अक्षरं आणि मधे तारे, पण शेजारी फीडबॅकचा, म्हणजे आधीच्या व्यवहारांवर मिळालेल्या शेऱ्यांचा, आकडा राहतो. नावावर टिचकी मारली की तीस दिवसांचा गोषवारा उघडतो: एकूण बोली किती, किती वस्तूंवर, त्यातल्या किती टक्के याच विक्रेत्याकडे, आणि किती बोली मागे घेतल्या. टक्केवारी १०० दिसली म्हणून लगेच चोर ठरवू नका. एखाद्या देशाच्या जुन्या तिकिटांचा मोठा विक्रेता एकच असतो, तेव्हा प्रामाणिक संग्राहकाचीही टक्केवारी तिथेच जाते. खूण पटते ती जोडीने: फीडबॅक शून्य किंवा एकअंकी, एकाच विक्रेत्याच्या नाण्यावर, कॅमेऱ्यावर आणि चपलांवरही बोली, प्रत्येक वेळी दुसऱ्या क्रमांकावर थांबणं, आणि छोट्या पायऱ्यांनी कुरतडत वर येणं. खरा संग्राहक एकाच विक्रेत्याकडून नाणं आणि चप्पल सहसा घेत नाही. स्वयंचलित बोली दाखवण्याचा दुवा उघडून वेळाही पाहा. तीन मिनिटांत सात बोली लावून कोणी तुमच्या आकड्याखाली थबकला असेल, तर तो भाव चाचपत होता. विक्रेत्याने 'खाजगी' लिलाव ठेवला तर यातलं काहीच दिसत नाही. महागड्या वस्तूला गुप्तता लागते हे समजतं. चाळीस डॉलरच्या वस्तूला ती कशाला?

उपाय एकच, आणि तो ईबेच्या लिलावालाच लागू पडतो, कारण इथे लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो. शेवटच्या पाच ते आठ सेकंदांत एकदाच, पूर्ण कमाल आकडा टाका. चाचपायला डमीला वेळच उरत नाही. आधीच लावून ठेवलेल्या खोट्या बोलीपुढे मात्र हाही उपाय चालत नाही. तिथे आपला आकडा विकल्या गेलेल्या वस्तूंच्या भावांवरून ठरवलेला असणं हीच राखण. ईबेवर विकलेल्या वस्तूंचे भाव ९० दिवसांपर्यंत शोधता येतात. तोच फोटो महिनाभरात पुन्हा लिलावात दिसला, तर आधीचा 'विजेता' बहुधा पैसे न देणारा होता किंवा घरचाच होता.

वेळ वाढत जाणाऱ्या लिलावांत, म्हणजे शेवटच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं तिथे, ही युक्ती बाद. लिलावगृहांच्या प्रत्यक्ष लिलावात तर आधी लिहून दिलेली कमाल बोली काही ठिकाणी लिलाव चालवणाऱ्याच्या समोरच असते. ती देऊ नका. फोनवरून किंवा स्क्रीनवर बसून पायरी पायरीने बोली लावा. हॉलमध्ये हातच वर नसताना पुकारलेल्या 'झुंबराच्या' बोली सगळ्याच बेकायदा नसतात. क्रिस्टीज आणि सदबीज या मोठ्या लिलावगृहांच्या अटींतच लिहिलेलं असतं की राखीव किमतीच्या (जिच्याखाली विक्रेता विकत नाही) खालपर्यंत लिलावकार विक्रेत्याच्या वतीने बोली लावू शकतो. खोटेपणा सुरू होतो राखीव किंमत ओलांडल्यावर, किंवा राखीव किंमत नाही असं जाहीर केलेल्या लॉटवर, म्हणजे लिलावातल्या वस्तूवर. आणि खरेदीदाराकडून लिलावगृह घेतं तो प्रीमियम २५ टक्के असेल तर १,००० वर ढकललेला हातोडा तुम्हाला १,२५० ला पडतो, हे विसरू नका.

लिलावगृहाचं नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नये, याला मास्ट्रो ऑक्शन्सपेक्षा चांगलं उदाहरण नाही. बेसबॉल कार्डांच्या बाजारातलं हे अमेरिकेतलं आघाडीचं नाव. मालक बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये खोट्या बोलींबद्दल गुन्हा कबूल केला. सोबत बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या टी२०६ या जुन्या मालिकेतल्या प्रसिद्ध कार्डाच्या कडा छाटल्याचंही. २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. ईबेवरचा गाजलेला मामला २००० चा: अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नच्या शैलीतलं एक चित्र साथीदारांच्या बोलींनी १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेलं, आणि मग सौदा रद्द झाला.

संशय पक्का झाला तर वस्तूच्या पानावरूनच तक्रार नोंदवता येते. लिलाव क्रमांक, झाकलेली नावं आणि वेळा जोडून लिहा, नुसतं 'फसवणूक वाटते' लिहून काही होत नाही. निकाल मात्र तुम्हाला कळेलच असं नाही, आणि हीच या सेवेची सगळ्यात चीड आणणारी बाजू. कायद्यात ग्राहकाची बाजू बरी आहे. अमेरिकेच्या यूसीसी या व्यापारी कायद्याच्या कलम २-३२८ प्रमाणे, पूर्वसूचना न देता लिलावकाराने जाणूनबुजून विक्रेत्याच्या वतीची बोली घेतली असेल तर खरेदीदार सौदा मोडू शकतो, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या भावाने वस्तू घेऊ शकतो. ब्रिटनच्या १९७९ च्या सेल ऑफ गुड्स अॅक्टमध्येही, हक्क राखून न ठेवता विक्रेत्याने लावलेली बोली बेकायदाच आहे.

डमी चुकून जिंकलाच, तर विक्रेत्याकडून 'सेकंड चान्स ऑफर', म्हणजे हरलेल्या बोलीदाराला वस्तू घेण्याची दुसरी संधी, येते, तुमच्या कमाल बोलीच्या भावाने. पैसे देण्याआधी इतिहास उघडा, संशयित खात्याच्या सगळ्या बोली वजा करा आणि उरलेल्यांत तुमच्याखालचा सर्वात वरचा आकडा काढा. त्यावर एक पायरी चढवली की वस्तूचा खरा भाव मिळतो. ऑफर त्याहून बरीच वर असेल तर तशीच संपू द्या.