बाल वाचनालय, वसमत रोड, परभणी: लेकरांना नक्की घेऊन जा

लेकरू पुस्तकाला हात लावत नाही असं वाटत असेल तर एकदा इथं घेऊन या. इथल्या ग्रंथपाल मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, त्या सांगत होत्या की त्यांच्या शाळेत पुस्तकं होती पण पेटीत, वर कुलूप, फाटतील म्हणून कुणाला देतच नव्हते, मग नवीन गुरुजी आले आणि त्यांनी पेटी उघडून वर्गात दोरीवर 'किशोर'चे अंक लटकवले, तर पोरं नुसती तुटून पडली. म्हणून इथं एकाही कपाटाला दार नाही, आणि कप्पे पहिलीतल्या लेकराचा हात पोचेल एवढेच उंच. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला पहिला 'पुस्तकं वापरासाठी असतात', तो इथं खरंच पाळतात.

माझ्या पोरीकडून एक पान फाटलं, ती रडकुंडीला आली. मॅडम रागावल्या नाहीत, दंडही नाही, शेजारी बसवून पातळ कागद आणि खळ लावून तिच्याकडूनच चिकटवून घेतलं. आता ती पुस्तकांवरचे विषयांचे नंबर, लोककथा ३९८, प्राणी ५९०, तारे ५२० असं बघून आपलं आपण पुस्तक काढते, मला लई भारी वाटतं.

विज्ञानाची नवी पुस्तकं मात्र कमी आहेत, ती वाढवा. वर पत्रे आहेत, उन्हाळ्यात दुपारी लई तापतं, त्यामुळं सकाळीच जा.