आय३-१२१००एफ, रायझन ५६०० की ५६००जी? आधी कार्ड कधी घेणार ते सांगा

माझ्या अक्काचा मुलगा चिकोडीकडं असतो, परीक्षा संपल्यापासून रोज फोन, "मामा, गेमिंगचा पीसी असेंबल करायचाय, आय३ घेऊ का रायझन, एक काय ते सांगा की." आय३ इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे पीसीचा मेंदू, आणि रायझन एएमडीचा. दाजींचं म्हणणं असं की चाळीस हजार आत्ता घ्या, गेमचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं उसाचं बिल आल्यावर बघू. आता हे कार्ड आज येणार, दोन महिन्यांनी येणार का येईल तेव्हा येईल, यावरच प्रोसेसर ठरतो, पण दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही, सरळ दोन बॉक्स काढून समोर ठेवतात.

आधी आय३-१२१००एफ. २०२२ च्या जानेवारीत आलेला, चार कोर (काम करणारे हात) आठ थ्रेड (एकावेळची कामं), ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि सहसा या तिघांत सगळ्यात स्वस्त पडतो. एकेक कोर दणकट आहे त्यामुळं व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ असलं जे आपल्याकडची पोरं खेळतात ते आरामात चालतं, आरएक्स ६६०० सारखं कार्ड असलं तर अशा गेममध्ये हा ५६०० च्या जवळपासच राहतो. अडचण मोठ्या ओपन वर्ल्ड गेमला येते. सायबरपंकसारखं काही लावलं की चारही कोर पूर्ण भरतात, सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगला दिसतो पण गाडी चालवताना मध्येच झटके बसतात, त्यात मागं डिस्कॉर्ड, ब्राउझर आणि रेकॉर्डिंग चालू असलं तर जास्तच. पोरगं नुसतं व्हॅलोरंट खेळणार असेल तर मी हाच घ्या म्हणतो, बिनधास्त. १३१००एफ आणि १४१००एफ म्हणून जे नवीन दाखवतात त्यातही चारच कोर, क्लॉक थोडा वर, त्याला जास्त पैसे घालू नका.

आणि त्या नावातला एफ नीट बघा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावली तर स्क्रीन काळीच. खानापुरातल्या आमच्या एका पाहुण्याच्या पोरानं हौसेनं १२१००एफ आणला, कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाला, दुकानदारानं काही सांगितलं नाही, आणि महिनाभर तो डबा टेबलावर नुसता दिवे लावून बसला होता. घरच्यांना वाटलं पोरानं पैसे बुडवले. पोराची काहीच चूक नव्हती हो, त्याला दोन वाक्यं सांगणारं कोणी भेटलं नाही. कार्ड असलं तरी उद्या ते वॉरंटीला गेलं की परत येईपर्यंत पीसी बंद, अभ्यासाला पण नाही, हे पण धरून चाला.

रायझन ५ ५६०० ला पण आत ग्राफिक्स नाही, नावात एफ नसला तरी. हा २०२२ च्या एप्रिलचा, सहा कोर बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झ, आणि आत ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी. गेमला कॅश लागते, डेटा आतच सापडला की रॅमकडं जायचा वेळ वाचतो, म्हणून हा मोठ्या गेममध्ये झटके न देता चालतो. कार्ड आजच सोबत घेणार असाल आणि एकदा घेतलेला पीसी चार-पाच वर्षं ओढायचा असेल तर माझं मत सरळ याला. आय५-१२४००एफ पण याच तोडीचा, त्यालाही सहा कोर बारा थ्रेड, या दोघांत मी तर बोर्ड धरून कुणाची बेरीज कमी होते तेवढंच बघतो.

५६०० च्या बाजूलाच ५५०० ठेवलेला असतो आणि फरक काय विचारलं की "सेमच आहे" म्हणतात. सेम नाही. कोर सहाच, पण कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.० वरच अडकलेला. माझ्या शहापूरच्या मित्रानं ५५०० सोबत आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं, दोन्ही स्वस्त म्हणून. त्या कार्डाला लेन चारच असतात आणि ती पीसीआयई ४.० धरून केलेली, ३.० वर लावलं की रस्ता निम्मा होतो, वर कार्डाची मेमरी ४ जीबी, ती भरली की त्याच अरुंद रस्त्यावरनं रॅमकडं पळापळ. गेम अडकायला लागला, बिचाऱ्यानं दोनदा विंडोज टाकून बघितलं. दोन्ही वस्तू चांगल्या चालणाऱ्या, जोडीच चुकली.

५६००जी पण ३.० चाच आणि कॅश १६ एमबीच, पण याच्या आत व्हेगा ग्राफिक्स आहे, म्हणजे कार्ड नसताना पीसी पहिल्या दिवसापासून चालू. सेटिंग लो ठेवून व्हॅलोरंट ६० हर्ट्झच्या मॉनिटरला पुरून उरतं, जीटीए ५ पण खेळता येतं, सायबरपंकची मात्र आशा धरू नका. याच्यात सगळ्यात मोठी चूक रॅमला होते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वाटून घेतं, त्यामुळं १६ जीबीची एक स्टिक लावली की अर्धी ताकद गेली असंच समजा. आठ-आठच्या दोन स्टिक, ३२०० च्या, आणि त्या पण बोर्डाच्या पुस्तकात दाखवलेल्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंग, चालू. २०२५ च्या शेवटापासनं रॅमचे भाव जे चढलेत त्यामुळं दुकानदार "आत्ता एक घ्या, पुढं वाढवा" म्हणतो. १२१००एफ किंवा ५६०० ला कार्ड असल्यामुळं ते थोडं तरी चालून जातं, जी ला अजिबात नाही.

एएमडीचा नवीन सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एएम५ का नको, असं भाचा विचारतो. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढंही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीनं सांगितलंय, हे बरोबर, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि चाळीस हजारात तो हिशेब बसत नाही.

जुने ऑफिसचे पीसी, तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय५ आय७, स्वस्तात मिळतात, नुसतं टायपिंगला ठीक आहेत. गेमिंगला मी नको म्हणतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेल आठव्या पिढीपासनं पुढं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. पोरगं ज्या एका गेमसाठी पीसी मागतंय तोच गेम उघडला नाही तर काय उपयोग.

बोर्डाचं थोडक्यात. १२१००एफ ला एच६१० चा बोर्ड पुरतो, फक्त तो डीडीआर४ चा आहे का ५ चा बघून घ्या, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. रायझनला जुन्या स्टॉकमधला बी४५० किंवा बी५५० मिळाला तर बायोस अपडेट करून द्या असं काउंटरवरच सांगा आणि डिस्प्ले आलेला डोळ्यानं बघूनच बिल द्या, घरी नेऊन कळलं तर परत एसटीची फेरी. बॉक्स पीसला तीन वर्षं वॉरंटी आणि सोबत फॅन येतो, या तिघांनाही तो फॅन पुरतो. ट्रे पीस (बॉक्स नसलेला) स्वस्त दिला तर वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, जाऊन या खुशाल, पण जीएसटी इकडं आणि तिकडं १८ टक्केच, बेळगावातनं खास स्वस्त म्हणून जायचं असेल तर जाण्यायेण्याचा खर्च पण धरा. आणि पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते आपल्याला माहीतच आहे, नुसता ५६००जी ६०० व्हीए च्या यूपीएसवर सेव्ह करून बंद करण्याएवढा निवांत टिकतो, कार्ड आल्यावर मोठा यूपीएस लागेल.

भाच्यासाठी शेवटी ५६००जी, दोन स्टिक आणि बी५५० घेतला. बी५५० मुद्दाम, कारण उसाचं बिल येऊन कार्ड बसलं की जी विकून त्याच बोर्डावर ५६०० लावता येतो आणि तेव्हा ४.० चा रस्ता पण मोकळा होतो, आणि कार्डाशिवाय चालतो म्हणून जुन्या जी ला गिऱ्हाईक पण पटकन मिळतं. ४५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आत्ताच घालून ठेवलाय. दाजींना स्लॉट दाखवला, म्हणाले, "हे रिकामं कशाला ठेवलासा?" म्हटलं, "तुमच्या बिलासाठीच ठेवलोय."