नंबर खरा निघाला, बेस खोटी निघाली

सेकंड हँड बेस गिटार शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. खास करून सोलापूर, लातूर, धाराशिव, विजापूर या पट्ट्यातल्या मुलांसाठी, कारण आपल्याकडे चांगली बेस हातात घेऊन बघायलाच मिळत नाही. दुकानात दहा गिटारी टांगलेल्या असतात, त्यात बेस असलीच तर एखादी, तीही शिकाऊ दर्जाची. मग आपण फोटो बघून ठरवतो. मीही तसंच ठरवलं आणि माझे अठ्ठावन्न हजार गेले.

आमचा चौघांचा बँड आहे. कॉलेजांची गॅदरिंग, गणपतीतले कार्यक्रम, कधीमधी पुण्यात एखादा शो. माझी जुनी बेस आठ हजारांची होती. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात एका कार्यक्रमात गिटार आणि ड्रम सुरू झाले की माझं वाजवणं समोर पोचतच नव्हतं, नुसती घरघर. तेव्हापासून डोक्यात जाझ बेस होती, फेंडर या अमेरिकन कंपनीचं गाजलेलं मॉडेल. रश या रॉक बँडच्या गेडी लीचा तो आवाज, खालून ढकलणारा आणि तरी एकेक स्वर सुटा ऐकू येणारा, तो १९७२ सालच्या फेंडर जाझ बेसचा. त्याने ती अमेरिकेतल्या एका गहाणाच्या दुकानातून जुनीच विकत घेतली होती. जुनी घेण्यात काही चूक नाही, हे आधीच सांगतो.

मेक्सिकोत बनणारी फेंडरची प्लेयर मालिका २०१८ पासूनची. त्यातली जाझ बेस नवी घ्यायची तर लाखाच्या घरात जायची. मला जाहिरात दिसली ती २०१९ च्या बेसची, सनबर्स्ट रंग, किंमत साठ हजार. मालक पुण्याचा, परदेशी नोकरी लागली म्हणून विकतोय असं म्हणाला. बोलणं अतिशय नीट, आणि सारखं ‘दादा’. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या टोकाच्या, मागचा सिरियल नंबर त्याने न मागता पाठवला. एमएक्स १९ ने सुरू होणारा. २०१० नंतरच्या मेक्सिकन फेंडरचे नंबर एमएक्स आणि त्यापुढे सालाचे दोन आकडे असेच असतात. मी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासला, मॉडेल जुळलं. दुकानाच्या बिलाचा फोटोही आला. अठ्ठावन्न हजारांवर सौदा ठरला आणि बेस राखून ठेवायला म्हणून पाच हजार मी त्याच दिवशी पाठवले.

खरी मेख पुढे होती. त्याने मला पुण्याला येऊ दिलं नाही. “तुम्ही कशाला त्रास घेता दादा, मीच येतो,” म्हणाला. संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसने येणार आणि स्टेशनवरूनच सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत जाणार. या दोन गाड्यांच्या मधे सोलापूर स्टेशनवर जेमतेम अर्धा तास मिळतो. तेव्हा मला वाटलं, किती सज्जन माणूस. आज कळतं की तो अर्धा तास त्याने हिशेबाने निवडला होता. रात्रीची वेळ, पार्किंगमधला पिवळा दिवा, अॅम्प (बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकर) नाही, आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघणं.

वाजवून बघायला त्याने स्वतःच काडेपेटीएवढा हेडफोन अॅम्प आणला होता, बॅटरीवरचा, थेट जॅकमध्ये खुपसायचा. आवाज छान आला. त्या छोट्या यंत्रात कोणत्याही बेसचा आवाज छानच येतो. नेक, म्हणजे बेसची लांब दांडी, मुठीत धरल्यावर मला रुंद वाटला होता, हे मला स्पष्ट आठवतं. पण तेवढ्यात त्याने “गाडी लागली बघा” म्हटलं आणि मी उरलेले त्रेपन्न हजार यूपीआयने टाकले. पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं. बायकोचं खातं, असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रियाजाच्या खोलीत बेस मोठ्या अॅम्पला लावली. जाझ बेसमध्ये दोन पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग, असतात आणि प्रत्येक एकेरी कॉइलचा, म्हणून एकटा उघडला की विजेच्या तारांची ‘घूंऽऽ’ ऐकू येते. ते साहजिक आहे. पण दोन्हींची गुंडाळी आणि चुंबकांची दिशा एकमेकांच्या उलट ठेवलेली असते. त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की एकाची गुणगुण दुसरा खाऊन टाकतो आणि अॅम्प शांत होतो. माझा शांत झाला नाही, उलट आवाज वाढला. आमचा ड्रमर म्हणाला, वायरिंग ढिलं असेल. मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं.

मी यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतो. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिवसभर हातात असतो. सोमवारी बेस दुकानात नेली आणि नटपाशी, म्हणजे हेडस्टॉकखालच्या खाचांच्या पट्टीपाशी, नेकची रुंदी मोजली. जाझ बेसची ओळखच तिथे आहे. फेंडरचीच १९५१ ची प्रिसिजन बेस रुंद नेकची, आणि १९६० ला जाझ आली ती अरुंद नेकची, नटपाशी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. माझा व्हर्निअर ४२ दाखवत होता. पुन्हा मोजलं. ४२. गिऱ्हाईक समोर बेअरिंग मागत उभं होतं आणि मला त्याचं बोलणं ऐकू येईना.

संध्याकाळी बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. ते गिटारीही करतात. त्यांनी तारा सैल केल्या, मागच्या प्लेटचे चार स्क्रू काढले आणि नेक उचलून बाजूला ठेवला. जिथे नेक बसतो त्या खोबणीच्या कडेला रंग नव्हता. काकांनी बॅटरी मारली आणि बोट ठेवलं. लाकडाचे थर दिसत होते, एकावर एक, मधे डिंकाची काळी रेघ. “मालक, हे प्लाय हाय,” एवढंच बोलले. खरी अल्डरच्या लाकडाची असते. मग पिकअप उचलला. या मालिकेत अल्निको या मिश्रधातूच्या दांड्या असतात, त्या स्वतःच चुंबक. इथे साध्या लोखंडी दांड्या होत्या आणि खाली काळी चुंबकपट्टी चिकटवलेली. शेवटी हेडस्टॉकच्या मागे त्यांनी नंबरावरून नख फिरवलं. नख अडकलं. पारदर्शक चिकटपट्टी होती, तिची कड तिरप्या उजेडात स्पष्ट दिसली.

नंबर खराच होता, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी बेसचा. जाहिरातीतल्या फोटोवरून नंबर उचलायचा आणि नकलेवर चिकटवायचा. संकेतस्थळ हा नंबर आम्ही दिलाय एवढंच सांगतं, तो तुमच्या हातातल्या लाकडावर दिलाय असं सांगत नाही. बिलाचंही तेच. घरी येऊन मी ते मोठं करून बघितलं. दुकान पुण्याचं आणि जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, २९ कर्नाटकाचा. दुकानाच्या हिशेबाची बिलं मी रोज बघतो. या बिलाकडे मात्र आनंदाच्या भरात बघितलंच नाही, याचं वाईट अजून वाटतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पोलिसांत जाऊन आलो. तोवर चार दिवस उलटले होते आणि पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. पैसे जातात त्याच तासात फोन केला तर थांबवता येण्याची शक्यता असते, म्हणून तो आकडा आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. ‘वस्तू तर मिळाली ना?’ हा प्रश्न मला जाईल तिथे विचारला गेला. त्यासाठी काकांकडून नेक काढलेले फोटो, व्हर्निअर लावलेला फोटो आणि लेखी अभिप्राय घेऊन ठेवला आहे. तक्रार अजून चालू आहे.

यानंतर मी एक स्क्वायर जाझ बेस घेतली, फेंडरचाच स्वस्त ब्रँड. मालकाला पहिल्याच दिवशी म्हटलं, नटवर पट्टी ठेवून फोटो पाठवा, आणि पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा नेक काढून खोबणीचा. पट्टीचा फोटो तासाभरात आला, बरोबर ३८. तारा तो रविवारी बदलणार होता, तेव्हा खोबणीचाही आला. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळच्या हुतात्माने मी पुण्याला गेलो, त्याच्या खोलीत त्याच्याच अॅम्पवर दीड तास वाजवली आणि मग पैसे दिले. त्याच्या आईने जेवूनच जा म्हटलं.

खोटी बेस घरी आहे. ती विकणार नाही. नेकच्या खोबणीत काकांनी मार्करने ‘नक्कल’ असं लिहिलं आणि स्क्रू परत आवळले.

गेल्या पंधरवड्यात तीच जाहिरात पुन्हा आली आहे. नाव वेगळं, गाव वेगळं, फोटो मात्र तेच: सनबर्स्ट बेस, निळ्या सतरंजीवर आडवी, खालच्या टोकापाशी नखाएवढा टवका. नंबर एमएक्स १९ चाच, आणि मालक म्हणतो, मीच तुमच्या स्टेशनवर येतो.