कर्णावरील नेतृत्व-कार्यशाळा : काय मिळाले, काय राहून गेले

आमच्या विभागातील सात जणांसह मी नुकतीच कर्णाच्या चरित्रावर आधारलेली दोन दिवसांची नेतृत्व-कार्यशाळा पूर्ण केली. पुराणकथांच्या आधारे व्यवस्थापन शिकवणाऱ्या कार्यक्रमांत बहुधा राम किंवा कृष्ण असतो. ज्याचा शेवट जमिनीत रुतलेल्या रथचक्रापाशी झाला, अशा माणसाला समोर ठेवण्याचे धाडस मला मनापासून आवडले, आणि म्हणूनच अपेक्षाही जास्त होती.

पहिली सकाळ मात्र खटकली. सारे सत्र कर्णावर झालेल्या अन्यायात गेले. द्रौपदीने स्वयंवरात ‘सूताला वरणार नाही’ असे म्हणून त्याला नाकारल्याचा प्रसंग प्रशिक्षकांनी मूळ महाभारतातील म्हणून सांगितला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1966 साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या पाठाच्या, मुख्य संहितेत तो प्रसंग नाही. ‘डावलली गेलेली गुणवत्ता’ हा त्या सत्राचा सगळा डोलारा याच प्रसंगावर उभा असल्यामुळे ही चूक लहान ठरत नाही. वास्तविक शस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात कृपाचार्यांनी कुळ विचारल्यावर कर्णाची मान खाली जाते आणि दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो, एवढा प्रसंग या मुद्द्यासाठी पुरेसा होता.

दुपारच्या शल्यावरील सत्राने ही कसर भरून काढली. जोड्या करून एकाने पत्त्यांचा मनोरा रचायचा आणि दुसऱ्याने शेजारी बसून ‘तुला हे जमणार नाही’ असे हळू आवाजात सतत सांगत राहायचे, असा तो प्रयोग होता. माझ्यासमोरच्या अनुभवी सहकाऱ्याचा हात तिसऱ्या मजल्यावर थरथरू लागला आणि मनोरा कोसळला, तेव्हा खोलीत कोणीही हसले नाही. मग प्रशिक्षकांनी विचारले, शल्याला सारथी म्हणून मागितले कोणी? स्वतः कर्णाने. कृष्णाच्या तोडीचा सारथी हवा म्हणून त्याने कौशल्य पाहिले. निष्ठा पाहिली नाही. कर्णाचा तेजोभंग करण्याचा शब्द शल्याने युधिष्ठिराला आधीच दिला होता, हे कर्णाला ठाऊक नव्हते हे खरे. पण ‘मी वाटेल ते बोलेन’ ही अट तर शल्याने उघडपणे घातली होती आणि ती मान्यही झाली होती. माणसे निवडताना आपणही अशा अटी कानाआड करतो, यावर झालेली चर्चा पुढे तासभर चालली.

दुसऱ्या दिवशी इंद्राने दिलेल्या शक्तीचा प्रसंग आला. अर्जुनासाठी राखलेले, एकदाच वापरता येणारे ते अस्त्र चौदाव्या दिवसाच्या रात्री कौरव सैन्याच्या आकांतापुढे घटोत्कचावर खर्ची पडले. राखीव साधन केव्हा वापरावे, याची मांडणी नेटकी होती. भीष्मांनी ‘अर्धरथी’, म्हणजे अर्ध्याच योग्यतेचा रथी, म्हटल्यामुळे कर्ण अठरापैकी पहिले दहा दिवस शस्त्र न उचलता बसून राहिला, ही गोष्ट मात्र पाच मिनिटांत उरकली गेली. एका मानी माणसाच्या रुसव्याची किंमत संपूर्ण फौज कशी मोजते, हे दाखवणारा याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. दोन्ही दिवस कर्णाच्या मैत्रीचा गौरव झाला; दुर्योधनाला थांबवू शकेल असे वजन ज्या मोजक्या माणसांपाशी होते त्यांत कर्ण होता, आणि तरीही त्याने ते वजन कधी वापरले नाही, हे कोणीच बोलले नाही. द्यूतसभेत विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचाच धाकटा भाऊ, द्रौपदीच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा त्याला गप्प बसवणारा कर्णच होता. हा प्रसंग पुस्तिकेत कुठेही नाही. तो गाळल्याने कर्ण अधिक सोज्ज्वळ दिसतो, पण वरिष्ठांच्या उपकाराखाली दबलेल्या अधिकाऱ्याला त्याच्याकडून जे शिकायचे, तेच हातचे जाते. ‘साहेबांनी मला उभे केले, त्यांना नाही कसे म्हणू?’ हे वाक्य आमच्या सातपैकी तिघांनी त्या दोन दिवसांत कधी ना कधी उच्चारले, आणि तिन्ही वेळा चर्चा पुढे सरकली.

स्थळ, वेळापत्रक आणि जेवणाची व्यवस्था चोख होती. प्रशिक्षक ओघवते बोलतात, प्रश्न टाळत नाहीत, आणि स्वयंवराच्या प्रसंगाबद्दल मी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ते खुल्या मनाने ऐकून घेतले. मध्यम स्तरावरील व्यवस्थापकांनी ही कार्यशाळा जरूर करावी, मात्र जाण्यापूर्वी उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवाद वाचून जावे. तू ज्येष्ठ पांडव आहेस, राज्य तुझे आहे, असे कृष्ण सांगतो तेव्हा कर्ण नकार देतो, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच बोलण्यात तो हेही कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना जे कठोर शब्द मी बोललो, त्यांचा मला आज पश्चात्ताप होतो.