राजीनामा की खटल्यातून माघार? मृत्युदंड आणि कॅथलिक न्यायाधीश

अमेरिकेतल्या मृत्युदंड असलेल्या राज्यात न्यायाधीशपद चालून आलं आहे आणि तुम्ही मनापासून कॅथलिक आहात. अशा वेळी दोन मांडण्या शेजारी ठेवून वाचाव्यात: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे कॅथलिक न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांची २००२ सालची, आणि कायद्याचे अभ्यासक जॉन गार्व्ही व एमी कोनी बॅरेट यांची १९९८ सालची. श्रद्धेखातर कायदा वाकवून कैद्याला वाचवायची मुभा दोन्हींत नाही.

स्कालियांचं म्हणणं सरळ आहे: मृत्युदंड अनैतिक वाटत असेल तर खुर्ची सोडा. अपिलात शिक्षा कायम करणारा न्यायाधीशही मृत्यूच्या त्या यंत्रणेचा भाग असतो, ‘मी फक्त कायदा तपासला’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. ते स्वतः पदावर राहिले, कारण त्यांना हा दंड अनैतिक वाटत नव्हता. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय राज्यकर्त्याच्या हाती तलवार देतो, मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनीही हा दंड मान्य केला. त्यापुढे मृत्युदंडाला जवळजवळ नकार देणारं पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९५ चं परिपत्र आपल्यावर बंधनकारक नाही, असं ते मानत.

हा आधार आता बराच डळमळला आहे. जॉन पॉल यांनी अपवादाला अगदी चिंचोळी जागा ठेवली होती. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणग्रंथाचा, २२६७ वा परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. स्कालिया २०१६ मध्येच वारले होते.

गार्व्ही आणि बॅरेट टप्पे पाडतात. आरोपी दोषी आहे का, हा खटला चालवायला हरकत नाही. मृत्युदंड सुनावणं किंवा ज्युरीने सुचवलेला मृत्युदंड लागू करणं मात्र निष्ठावान कॅथलिकाला जमणार नाही. तिथे बाजूला व्हावं. थेट अपिलात शिक्षा कायम करावी का, हा प्रश्न त्यांनाही सर्वांत अवघड वाटला. पुढे बॅरेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२२ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटातील आरोपीचा मृत्युदंड पुन्हा लागू करणाऱ्या बहुमतात त्या होत्या.

मला हाच दुसरा मार्ग पटतो. शंका असलेले सगळेच राजीनामा देऊन गेले, तर आरोपीसमोर उरतील ते ज्यांचा हात कधी अडखळत नाही असे न्यायाधीश. पण माघारीलाही किंमत आहे. तुम्ही उठलात म्हणून आरोपी सुटत नाही, दुसरा कोणी तीच शिक्षा सुनावतो. शिवाय प्रत्येक मोठ्या खटल्यात उठावं लागणार असेल, तर स्कालियांचंच खरं. ते पद घेऊ नये.

म्हणून होकार देण्याआधी चौकशी करा: त्या न्यायालयात असे खटले किती येतात, शिक्षेच्या आदेशावर सही कोणाची होते, आणि तुम्ही बाजूला झालात तर बसायला दुसरं कोणी आहे का.