पेंटियम एमएमएक्सवर जुने गेम: मार्च ते ऑक्टोबर, ऐरोलीच्या दमट हवेत

आधी निकाल सांगतो, मग कारणं. जुन्या गेमसाठी जुनं मशीन उभं करायचं असेल तर फ्लॉपी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क खुशाल बदला. मॉनिटर आणि साउंड कार्ड मात्र त्या काळचंच हवं. उलटं करणारे बरेच दिसतात. अस्सल फ्लॉपीचा हट्ट धरायचा आणि समोर ठेवायचा एलसीडी!

मशीन असं: पेंटियम एमएमएक्स २३३ प्रोसेसर, इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा एटी (जुन्या मापाचा) मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये साउंड ब्लास्टर १६ साउंड कार्ड, १५ इंची सीआरटी, म्हणजे काचेच्या ट्यूबचा मॉनिटर. रॅम जास्त मिळाली तरी लावू नका. टीएक्स चिपसेट ६४ एमबीपर्यंतच कॅश (वेगवान तात्पुरती साठवण) करतो आणि विंडोज ९८ वरच्या टोकाकडून मेमरी वापरायला घेतं, त्यामुळे १२८ एमबीवर मशीन उलट मंदावतं. एटी पॉवर सप्लायचे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर लावताना काळ्या तारा मधोमध शेजारी आल्याच पाहिजेत. अदलाबदल झाली की बोर्ड गेला, दुसरी संधी नाही.

आता फ्लॉपी. खाडीकडची हवा आणि जून ते सप्टेंबरचा ओलावा यात ३.५ इंची फ्लॉपीला बुरशी धरते. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी धातूची झडप सरकवा, मागचा गोल हब बोटाने फिरवा आणि चकती उजेडात तिरकी धरून बघा. पांढुरके ठिपके किंवा धुरकट पट्टे दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. एक बुरसटलेली फ्लॉपी हेडला घाण चिकटवते आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतं. ‘कालपर्यंत चालत होती’ म्हणून लोक ज्या फ्लॉपीला शिव्या देतात, तिचा बहुतेक वेळा दोष नसतो. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड पुरे. वरचं हेड मात्र उचलून वाकवू नका, ते एकदा जागेवरून हललं की ड्राइव्ह फक्त स्वतः लिहिलेल्या फ्लॉपी वाचतो.

म्हणून ‘ए’ ड्राइव्हच्या जागी गोटेक (पेनड्राइव्हवरच्या फाइली फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह) लावला, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाकून. मूळ फर्मवेअर पेनड्राइव्हचे स्वतःच्या पद्धतीने भाग पाडतं, ते त्रासाचं आहे. फ्लॅशफ्लॉपीत फॅट-३२ पेनड्राइव्हवर १४,७४,५६० बाइटच्या इमेज फाइल टाकल्या की झालं. पीळ असलेल्या ३४ पिनच्या केबलवर सिलेक्ट जंपर एस-१ वर ठेवा. ड्राइव्हचा दिवा सुरुवातीपासून सतत जळत राहिला तर केबल उलटी बसली आहे. चार पिनचा छोटा पॉवर प्लगही नीट बघून लावा. उलटा बसला तर ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. एकच उणीव: ड्राइव्हची ती खरखर नाही. बझर जोडून आवाज काढता येतो, पण तो ऐकून हसूच येतं.

हार्ड डिस्कच्या जागी ४ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, ४० पिनच्या अडॅप्टरवर, जंपर मास्टरला. आठ महिन्यांत तक्रार शून्य. एमएसडॉस डॉट सिस फाइलमध्ये बूट-जीयूआय शून्य केलं की मशीन थेट डॉसच्या सी प्रॉम्प्टवर उभं राहतं.

साउंड कार्डने मात्र जुलैत दगा दिला. आवाज गेला, ड्रायव्हर पुन्हा टाकूनही परत आला नाही. कारण साधं: कार्डाच्या, आयएसए स्लॉटमध्ये बसणाऱ्या पट्ट्यांवर चढलेला काळपटपणा. कार्ड काढून पट्ट्या मऊ खोडरबरने घासायच्या, अल्कोहोलने पुसायच्या, परत बसवायचं. सेटिंग पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १, हाय डीएमए ५ असं ठेवलं की बहुतेक डॉस गेम न कुरकुरता चालतात. १९९६ च्या क्वेक गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे, तेव्हा सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत चार पिनची ऑडिओ वायर हवीच. सीडीची नुसती आयएसओ (फक्त डेटाची इमेज फाइल) करून ठेवली असेल तर ट्रॅक गळतात. ट्रॅकसकट नक्कल ठेवणारी बिन-क्यू फाइलींची जोडी करावी.

आणि सीआरटी. प्रिन्स ऑफ पर्शियासारखे गेम ३२० बाय २०० मध्ये ७० हर्ट्झवर चित्र पाठवतात आणि ते ४:३ च्या काचेवर ताणून बघायचं असतं. ६० हर्ट्झच्या एलसीडीवर सरकतं चित्र अडखळतं, कडा धुरकट होतात. पावसाळ्यात सुरू करताना आतून तडतड ऐकू आली तर ती बहुधा दमटपणाची. एक दिवसाआड अर्धा तास चालू ठेवला की उष्णतेने आतला ओलावा निघतो. वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आत, त्यामुळे हौशीने मागचं झाकण काढू नये.

१९८३ चा डिगर हा गेम मात्र या मशीनवर फार वेगाने पळून हाताबाहेर जातो. बायोसमधून प्रोसेसरची एल-१ कॅश बंद केली की मशीन साधारण ३८६ या जुन्या प्रोसेसरच्या वेगावर येतं, पण तो ४.७७ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेला. त्याला तेही जास्तच. डेंजरस डेव्हला मात्र काही अडचण नाही.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा एमआयडीसीच्या भंगारात शोधावे लागतात. मॉनिटर मिळालाच तर ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत चढू नका, रिक्षा करा. उचलताना काच छातीकडे. वजन सगळं पुढे असतं आणि मागची निमुळती मान ठेचली तर ट्यूब संपली.