सुमोत २.० टर्बोच्या जागी ३.० डीआय: आठ महिने, ११ हजार किलोमीटर

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना पुढे एखादी भरलेली एसटी आली की माझी जुनी सुमो दुसऱ्या गियरमध्ये गळपटायची. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अठराशेच्या खाली गेले की इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो झोपलेला, आणि तो जागा होईपर्यंत मागे हॉर्नचा गजर. मुलगा संभाजीनगरला शिकायला आहे, त्यामुळे चोपडा, धरणगाव, एरंडोल, भडगाव, चाळीसगाव हा रस्ता महिन्यातून दोनदा ठरलेला. गाडीत आई, बायको, वर डबे, गव्हाची गोणी आणि परतताना ठिबकचं सामान.

गाडीने साडेतीन लाख किलोमीटर इमानदारीने काढले होते. मग ऑइल खायला लागली, बॅक कॉम्प्रेशन (झिजलेल्या पिस्टनमागून खाली निसटणारा धूर) मारायला लागली. तेच इंजिन बांधायचा अंदाज ६५ ते ७० हजारांचा आला. तेवढ्यात थोडी भर घालून मोठं इंजिनच का बसवू नये, हा विचार तिथून आला.

टाटांच्या या इंजिनांचं नावच सगळं सांगतं. माझं जुनं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०, एकूण १९४८ सीसी. नवं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ बोअर. स्ट्रोक १००, एकूण २९५६ सीसी. दीडपट. नव्यालाही टर्बो आहे, पण त्याच्यावर सगळा भार नाही. दुसरा फरक डिझेल जाळण्याचा. जुन्यात डिझेल आधी हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) लहान कप्प्यात पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं, म्हणून आवाज मऊ, पण उष्णता वाया जाते. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, त्यात डिझेल थेट पिस्टनवर पडतं. आवाज कडक, पण थेंबाथेंबाचं काम होतं. शिवाय हे जुन्या घडणीचं, यांत्रिक पंपाचं इंजिन. त्यात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही, सेन्सरचं जंजाळ नाही, आणि याच इंजिनाची टाटा २०७ डीआय पिकअप गावोगाव फिरत असल्याने पार्ट तालुक्याला मिळतात.

सगळ्यात आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. माझ्या बाजूने तीन गोष्टी होत्या: कंपनी तीच, इंधन तेच, आणि खुद्द सुमोच पुढे कंपनीने २९५६ सीसीत विकलेली. तरीही आधी अर्ज आणि परवानगी, मग इंजिन, मग तपासणी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर, असाच क्रम ठेवला. विमा कंपनीलाही लेखी कळवलं. मालेगावहून भंगारात निघालेल्या सुमो डीआयचं इंजिन गिअरबॉक्ससकट ५२ हजारांना घेतलं, तेही पक्कं बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात पडल्यावरच. बिलाशिवाय दहा हजार कमी सांगणारे भेटले. ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर घरी पोलीस येतात, म्हणून तिकडे वळूच नका.

मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आप्पा, इंजिन ते बसी जाई, पन त्यानासंगे आखो धा वस्तू बदलना पडतीन." मी ते मनावर घेतलं नाही आणि बजेट ८० हजार धरलं. प्रत्यक्षात पंप-नोझल, हेडचं काम, गॅस्केट मिळून २१ हजार. रेडिएटर ९ हजार, क्लच साडेसहा, माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते) आणि जॉइंट शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) ११, मजुरी २०. इंजिन धरून १ लाख १९ हजार ५०० झाले. पुढे आणखी १७ हजार लागले, ते कसे ते खाली सांगतो. जुनं इंजिन १६ हजारांना गेलं. निव्वळ १ लाख २० हजार ५००.

यातला रेडिएटर आधी बदललाच नव्हता. माझे पैसे वाचावेत म्हणून मिस्त्रीने जुनाच ठेवला आणि मीही मान डोलावली. थंडीत काही कळलं नाही. मार्चच्या शेवटी, दुपारी दोनला, घाटात निम्म्यावर काटा लालकडे सरकला. इंजिन बंद न करता गाडी कडेला घेतली, हीटर पूर्ण सोडला, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. पंधरा मिनिटांनी काटा उतरला आणि हेड वाचलं. नंतर पाहिलं तर दोन कारणं निघाली. मोठं इंजिन जास्त उष्णता टाकतं हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: नवा पंखा जुन्यापेक्षा खाली बसला होता आणि भोवतालचं प्लास्टिकचं कव्हर जुन्याच जागी होतं. त्यामुळे पंखा हवा जाळीतून ओढायचा सोडून तिथल्या तिथे फिरवत होता. सपाट रस्त्यावर वाऱ्याने भागतं, घाटात सगळी मदार पंख्यावर. मोठा रेडिएटर घातला, कव्हर पंख्याच्या मापाने बसवलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात असताना तोच घाट एसी लावून चढलो. काटा निम्म्याच्या वर गेला नाही.

दुसरी अडचण वेगाची. हे इंजिन तीन-साडेतीन हजारांच्या पुढे पळत नाही, जुनं चार हजारांपर्यंत जायचं. मागचं क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी जोडी) जुनंच होतं, म्हणून हायवेला ऐंशीलाच इंजिन ओरडायला लागलं. दोन महिने तसेच काढले, मग १४ हजारांत डीआयचं क्राऊन-पिनियन बसवलं. गाडी शांत झाली, पण स्पीडोमीटर खोटं बोलू लागला, कारण त्याची केबल क्राऊन-पिनियनच्या आधी, गिअरबॉक्सवरून येते. मोबाईलच्या जीपीएसवर ८०, काट्यावर ७०. मायलेजही त्यामुळे ११ दिसत होतं, हिशेब जुळवल्यावर साडेबारा निघालं. जुनं इंजिन १० द्यायचं. केबलचं गियर बदलल्यावर आता दोन्ही आकडे जुळतात. कोणी अशा बदलानंतर मायलेज सांगितलं तर आधी हे विचारा.

चालवायला कशी आहे? बाराशे आरपीएमला तिसऱ्यात टाका, ओढते. बागेतून केळीची वाट ओली असतानाही क्लच न जाळता निघते. पण ओव्हरटेकला जुनी टर्बो चढल्यावर जी झेप घ्यायची, ती यात नाही. कागदावर ताकद जुन्याचीच जास्त होती, ९० अश्वशक्ती. या डीआयची ७०. ज्याला १२० ने पळायचंय त्याने हा खर्च करू नये. माझ्या कामाला ओढच हवी होती आणि ती भरभरून मिळाली.

आवाज आणि थरथर मात्र मानावी लागेल. आईला मागच्या सीटवर पहिल्या दिवशी बोलणं ऐकू येईना. माउंटिंगचे रबर पुन्हा चांगल्या प्रतीचे घातले, ३ हजार लागले, आणि बोनेटखाली जाड नमदा लावला. आता ती एरंडोलपर्यंत झोपून जाते. इंजिन जड असल्याने गाडी पुढून दोन बोटं बसली आहे आणि पुढचे टायर आतून लवकर घासतायत. अलाइनमेंट दर तीन हजार किलोमीटरला करतो, त्याने घासणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइलचा घाम दिसतोय, म्हणजे मागचं ऑइल सील. बसवतानाच ते बदलून घ्यायला हवं होतं. सील आणून ठेवलंय. केळीची ही काढणी आटोपली की गिअरबॉक्स उतरवायचा आहे.